बरणीतलं हिरवं

बायकोचा हेवा वाटणं ही काही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. मित्राचा वाटला तर माणूस चहाच्या टपरीवर बोलून मोकळा होतो. भावाचा वाटला तर बायकोपाशी बोलतो. बायकोचाच वाटला तर बोलणार कुणाशी? मल्लिनाथ बिराजदार असे अडकले होते, आणि तेही कशावरून, तर लोणच्याच्या बरण्यांतल्या हिरव्या पाण्यावरून.

साल २०४४. गाव सोलापूर. मार्च लागला नव्हता तोच पारा चाळिसाला टेकलेला. बिराजदारांच्या दिवाणखान्यात मात्र आठ फुटी काचेच्या टाकीत पंचवीस अंशांचा समुद्र भरलेला होता. टाकीत पोवळी होती, जिवंत. अंगठीतल्या लाल खड्यापलीकडं पोवळं न पाहिलेल्या गावात ती बघायला माणसं लांबून यायची. पाहुण्याला चहा नंतर, आधी टाकी. मल्लिनाथ साखर कारखान्यातून उपकरण अभियंता म्हणून निवृत्त झालेले, आकड्यांवर जीव असलेले गृहस्थ. टाकीच्या पाण्याचा खारटपणा, क्षार, तापमान, सगळं त्यांना तोंडपाठ. जिल्ह्याच्या सागरछंद मंडळाचं अध्यक्षपद त्यांच्याकडंच होतं, आणि ते दुसऱ्या कुणाकडं जाईल असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं.

आता पोवळं म्हणजे दगड नाही आणि झाडही नाही. तो प्राणी आहे. दगडासारख्या घरट्यात हजारो इवलाली तोंडं असतात, आणि त्या तोंडांना जिवंत खाणं लागतं. समुद्रात ते आयतं वाहत येतं, त्याला प्लवक म्हणतात. घरात ते पिकवावं लागतं. आधी खाऱ्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारं हिरवं शेवाळ वाढवायचं, मग त्या हिरव्यावर रोटिफर नावाचे टाचणीच्या टोकाएवढे जीव पोसायचे, आणि ते पोवळ्यांना घालायचे. काम अवघड नाही, पण रोजचं. रोज ढवळा, रोज थोडं काढा, रोज थोडं भरा, आणि वास सोसा. घरातली रोजची आणि वासाची कामं ज्यांच्याकडं जातात त्यांच्याकडंच हेही गेलं. बारा वर्षं हे हिरवं पिकवत होती ती मल्लिनाथांची बायको, नीलांबिका.

चार वर्षांपूर्वी मल्लिनाथांनी चकचकीत संवर्धन-यंत्र आणलं. स्टीलचं नळकांडं, गाळलेली हवा, मोजका उजेड, बरोबर पंचवीस अंश.

"आता तुझ्या त्या बरण्या बंद कर," ते म्हणाले होते. "आणि या यंत्राला हात लावू नकोस. नाजूक आहे."

नीलानं हात लावला नाही. बरण्या मात्र बंद केल्या नाहीत, गच्चीवर शेडनेटखाली नेऊन ठेवल्या. मंगळवारी संध्याकाळी मल्लिनाथ मंडळाच्या बैठकीला जायचे, तेव्हा पोवळ्यांना ती घालायची. यंत्राला हात लावायचा नाही म्हटल्यावर घालणार काय? आपल्या बरणीतलंच.

हे असंच चाललं असतं. पण समुद्र तापला.

उकाडा वाढला की पोवळी पांढरी पडतात. त्याचं कारण असं, की पोवळ्याच्या कातडीत आणखी एक सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर साखर बनवतं आणि पोवळ्याला देतं, बदल्यात पोवळं त्याला आसरा देतं. पाणी तीस-एकतीस अंशांच्या वर गेलं की हे शेवाळ साखरेऐवजी विष सोडायला लागतं. मग पोवळं त्याला बाहेर काढतं, रंग जातो, आणि काही आठवड्यांत ते उपाशी मरतं. किनाऱ्यावरची एकेक जागा अशी पांढरी होत गेली. मालवणसमोरच्या समुद्रात तांबळखडक म्हणून एक बुडालेला खडक आहे, तेवढ्यावर थोडी पोवळी उरली होती. तिथल्या पोवळे संगोपन केंद्रानं त्यांचे तुकडे काढून राज्यभरच्या हौशी लोकांच्या टाक्यांत सांभाळायला दिले. बिराजदारांना बारा तुकडे मिळाले, आणि टाकीला लावायला एक छोटा कॅमेरा. त्याचं नाव फुलमापी. पोवळ्याची किती तोंडं उघडली, किती ताणली, किती वेळ उघडी राहिली हे मोजून तो शंभरपैकी एक आकडा द्यायचा आणि केंद्राकडंही पाठवायचा.

आकडा म्हटल्यावर मल्लिनाथांना आनंदच झाला. पहिल्या आठवड्यात एक्केचाळीस, चव्वेचाळीस, बेचाळीस. मंगळवारी शहाऐंशी. बुधवारी पुन्हा त्रेचाळीस.

त्यांनी कॅमेऱ्याची काच पुसली. पुढच्या मंगळवारी अठ्ठ्याऐंशी. त्यांनी कॅमेऱ्याची जागा बदलली, दिवे तपासले, पाणी तीन वेळा मोजलं. तिसऱ्या मंगळवारी बैठकीला न जाता ते दिवाणखान्याच्या दाराआड उभे राहिले. स्वतःच्या घरात, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी.

नीला गच्चीवरून उतरली. हातात स्टीलचं भांडं आणि पळी. "चला, खाऊन घ्या," असं काहीतरी पुटपुटत तिनं चार पळ्या टाकीत सोडल्या आणि भाजी परतायला निघून गेली. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. आणि टाकीत एकेक पोवळं उलगडायला लागलं. जांभळी, पिवळी, पोपटी तोंडं बोटाएवढी लांब झाली, पाण्यात डोलायला लागली. पंधरा वर्षं मल्लिनाथ या टाकीपुढं खुर्ची ओढून बसत आले होते. त्यांच्या यंत्रातल्या खाण्यावर ती अशी एकदाही फुलली नव्हती.

त्यांना जे वाटलं त्याला दुसरं नाव नाही. जळले ते. रात्री जेवताना भाजी खारट झालीय म्हणाले. ती झाली नव्हती.

मार्च लागताच टाकीचं पाणी गार ठेवणारा चिलर बिघडला. सुटा भाग पुण्याहून यायला चार दिवस लागले, आणि चार दिवस टाकीचं पाणी तेहेतीस अंशांवर राहिलं. मल्लिनाथांनी हाय खाल्ली. पोवळी आता पांढरी पडणार याची वाट बघत ते बसून राहिले. यंत्रातलं खाणं घालायचीही त्यांना उमेद नव्हती, तेव्हा चारही दिवस नीलानं आपल्या पळीनं घातलं. एकही पोवळं पांढरं पडलं नाही.

पाचव्या दिवशी केंद्राच्या डॉ. रेहाना मुकादम यांचा फोन आला.

"बिराजदारसाहेब, तुमच्या टाकीचे आकडे आम्ही बघतोय. तेहेतीस अंशांत चार दिवस, आणि रंग तसाच? आमच्याकडं असं एकदाही झालेलं नाही. तुम्ही खायला काय घालता?"

खरं उत्तर जिभेवर होतं. नीला समोरच कोथिंबीर निवडत बसली होती. फोन तिच्या हातात दिला असता तर गोष्ट तिथंच संपली असती.

"माझं स्वतःचं संवर्धन आहे," मल्लिनाथ म्हणाले. "बरीच वर्षं काम करतोय त्यावर."

नीलानं मान वर करून कौतुकानं हसून बघितलं. तिला वाटलं, यंत्राबद्दल बोलतायत.

नमुना मागवला गेला. नीला देवळात गेली असताना मल्लिनाथ गच्चीवर गेले, तिच्या सगळ्यांत जुन्या बरणीतून दोन लिटर पाणी काढलं आणि बाटलीवर सुबक अक्षरात चिठ्ठी लावली: बिराजदार वाण. आडनाव तर तिचंही तेच आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मनाला काय, काहीही सांगता येतं.

दहा दिवसांत निकाल आला. डॉ. मुकादमांनी स्वतः फोन केला.

"साहेब, तुमच्या पाण्यात नुसते रोटिफर नाहीत. पोवळ्याच्या कातडीतलं शेवाळ आहे त्यात, आणि ते चौतीस अंशांतही विष सोडत नाही. तुमचे रोटिफर ते शेवाळ खातात, पोवळं रोटिफर खातं, आणि हे उन्हाला सरावलेलं शेवाळ पोवळ्याच्या कातडीत जाऊन बसतं. आम्ही प्रयोगशाळेत आठ वर्षं हेच करायला बघतोय. तुम्ही कसं केलंत?"

"सांगतो ना. सविस्तर लिहून पाठवतो," मल्लिनाथ म्हणाले.

"लवकर पाठवा. वीस एप्रिलला आमची बोट तांबळखडकावर जाणार. मे महिन्यात पाणी तापायच्या आधी तिथल्या पोवळ्यांना हे खायला घालायचं. गेल्या वर्षी खडकाच्या तीन भागांतले दोन पांढरे पडून गेले, एक उरलाय. या वर्षी हुकलं तर पुढच्या वर्षी घालायला पोवळीच नसतील."

बातमी सोलापुरात पसरली. पेपरात मल्लिनाथांचा फोटो आला, मागं स्टीलचं यंत्र. मंडळानं शाल दिली. नीलानं शेंगापोळ्या केल्या आणि गल्लीत वाटल्या. "पंधरा वर्षांचं चीज झालं बघा त्यांच्या," असं ती शेजारणीला सांगताना मल्लिनाथांनी ऐकलं, आणि हातातली पोळी तशीच ताटात ठेवली.

पण रीत तर कळायला हवी होती. एका सकाळी ते गच्चीवर गेले, पालथ्या बादलीवर बसले आणि सहज विचारल्यासारखं करून म्हणाले, "नीला, तू हे नेमकं कसं करतेस गं?"

तिनं पळी खाली ठेवली. पदराला हात पुसले. "खरंच सांगू?"

"सांग की."

आणि ती सांगायला लागली. मल्लिनाथांनी तिला इतकं बोलताना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मे महिन्यात बरण्यांना ओलं गोणपाट गुंडाळते, तरी पाणी पस्तिसाला जातं. सहा बरण्यांतल्या चार दर उन्हाळ्यात मरतात, पाणी दुधाळ होतं, ती ओतून देते. ज्या दोन जगतात त्यांचंच पाणी बाकीच्या चारांत घालते, विरजण लावावं तसं. असे बारा उन्हाळे झाले. बरणीच्या काचेला खाली जो तपकिरी चिकट थर धरतो तो कधी घासत नाही, कारण घासला की दोन दिवसांत बरणी जाते, हे तिला तिसऱ्या वर्षीच कळलं होतं.

"पण तुझ्या बरणीत पोवळ्यांचं काही पडलं होतं का गं कधी?" त्यांनी विचारलं.

ती थोडी ओशाळली. "तुम्ही पोवळ्यांचे तुकडे करायचात ना, ते धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायला सांगायचात. चांगलं खारं पाणी, टाकायचं कशाला, म्हणून मी बरणीत ओतायची. तुम्ही एकदा बघितलंत आणि केवढे ओरडलात. मग तुमच्या माघारी ओतायला लागले."

मल्लिनाथांना आठवलं. घाणीत घाण कालवतेस म्हणाले होते. केंद्राची प्रयोगशाळा आठ वर्षं जे शोधत होती ते त्यांच्या बायकोनं पाणी वाया जाऊ नये म्हणून करून ठेवलं होतं.

त्या दिवशी तिनं न मागता कॉफी केली. मल्लिनाथ कॉफी पीत होते आणि आतून जळत होते. शिक्षण त्यांचं, यंत्र त्यांचं, टाकी त्यांची, आणि पोवळ्यांना हवी ती हिची पळी.

मग त्यांना तोड सुचली. चोरी कशाला म्हणायचं? तिच्या बरणीतलं पाणी आपल्या यंत्रात घ्यायचं, शास्त्रशुद्ध वाढवायचं, म्हणजे ते खरोखरच आपलं. त्यांनी दोन लिटर पाणी बारीक जाळीतून चार वेळा गाळलं, तपकिरी गाळ फेकून दिला, नळकांडं उकळत्या पाण्यानं धुतलं आणि पंचवीस अंशांवर यंत्र लावलं. दोन आठवड्यांत वीस लिटर नितळ, सुंदर हिरवं पाणी तयार झालं. त्यात रोटिफर होते, हिरवं शेवाळ होतं. पोवळ्याचं शेवाळ मात्र गाळाबरोबर मोरीत गेलं होतं, आणि जाळीतून जे थोडं सुटलं ते गार पाण्यात मागं पडत पडत संपलं. मल्लिनाथांना हे कळलं नाही, कारण त्यांनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं ते रोटिफर मोजायला. अभिमानानं त्यांनी वीस लिटर पाणी मालवणला रवाना केलं आणि सोबत रीत लिहून पाठवली. त्या रीतीत गच्ची नव्हती.

अकरा एप्रिलला भर दुपारी फोन आला.

"साहेब, काहीतरी चुकतंय," डॉ. मुकादम म्हणाल्या. "आम्ही तुमचं नवं पाणी आमच्या टाकीतल्या पोवळ्यांना घालून तापमान तेहेतीसवर नेलं. सगळी पांढरी पडली. पहिला नमुना तर तपासण्यातच संपला. नऊ दिवस राहिलेत. तुमच्याकडं पहिल्यातलं काही शिल्लक आहे का? खरं सांगा. नसेल तर मला बोट रद्द करावी लागेल."

मल्लिनाथ खुर्चीत बसून राहिले. आपण गप्प बसलो तर काय होईल ते त्यांना स्वच्छ दिसत होतं. प्रयोग फसला, असं लोक म्हणतील. प्रयोग फसतातच. शाल कुणी परत मागणार नाही. तांबळखडक मे महिन्यात पांढरा होईल आणि सोलापुरात कुणाला त्याचं काही वाटणार नाही. आणि बोललो तर आयुष्यभर या गावात बायकोच्या बरणीचा चोर म्हणून मिरवावं लागेल. ही दुसरी गोष्ट त्यांना पहिलीपेक्षा जास्त झोंबत होती, आणि ती जास्त झोंबतेय याची त्यांना लाज वाटली.

"पाच मिनिटांत फोन करतो," असं म्हणून ते जिना चढले.

नीला गोणपाटावर पाणी मारत होती. ते उन्हात उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. दाराआड उभं राहिलो ते, बाटलीवरची चिठ्ठी, जाळी, मोरीत ओतलेला गाळ. मधे थांबले नाहीत, थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं.

तिनं तांब्या खाली ठेवला.

"नाव तुमचं लागलं त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "मागितलं असतंत तर दिलं असतं. पण बारा वर्षांत तुम्ही एकदा या बादलीवर येऊन बसलात आणि विचारलंत, कसं करतेस. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं होतं, की रात्रभर आणखी काय काय सांगायचं राहिलं ते आठवत होते. आणि तुम्ही चोरायला विचारत होतात."

मल्लिनाथांना वर बघवेना.

"फोन लावा," ती म्हणाली.

त्यांनी लावला आणि तिच्या हातात दिला. "मी नीलांबिका बिराजदार," ती म्हणाली. "ते हिरवं माझं आहे. सहा बरण्या आहेत. तुम्हाला किती हवंय?"

गाडी दुसऱ्या दिवशीच आली. बरण्यांबरोबर ढवळणारं माणूसही हवं होतं, निदान दोन महिने. "साहेबही आले तरी आमची सोय आहे," डॉ. मुकादम फोनवर म्हणाल्या. नीलानं गोणपाटात बरण्या बांधता बांधता उत्तर दिलं, "ते टाकी सांभाळतील." तिनं टोमणा मारला नव्हता, पण मल्लिनाथांना तो दिवसभर बोचत राहिला.

मल्लिनाथांनी पेपरवाल्याला स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं. आधी फोटो छापला होता त्याच पानावर ते छापून आलं. मंडळातली माणसं समोर काही बोलली नाहीत आणि मागं पोटभर बोलली. अध्यक्षपद गेलं.

वीस एप्रिलला बोट गेली. मे महिन्यात मालवणच्या समुद्रात पाणी बत्तीस अंशांना पोचलं आणि अठरा दिवस उतरलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात बातम्यांत तांबळखडक दाखवला. पाणबुड्याच्या दिव्यात पोवळी तपकिरी, जांभळी, होती तशी. मग बोटीवर उभी असलेली नीला दिसली. डोक्याला रुमाल, उन्हानं रापलेली, हातात पळी. कुणीतरी काहीतरी विचारलं आणि ती मोकळेपणानं हसली. ते हसू मल्लिनाथांच्या ओळखीचं नव्हतं.

खडक वाचला याचा त्यांना आनंद झाला, हे खोटं नाही. आणि त्या आनंदाच्या पोटात ती जुनी आग होतीच, तीही खोटी नाही. बोटीवर आपण असायला हवं होतं. आपल्याला विचारायला हवं होतं.

त्यांनी फोन लावला. तिनं लगेच उचलला.

"बघितलं टीव्हीवर," ते म्हणाले. "चांगली दिसत होतीस." मग म्हणाले, "मला तुझा हेवा वाटतो, नीला. अजून वाटतो. जात नाही."

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

"मलाही वाटायचा," ती म्हणाली. "पोवळ्यांचा. दोन दोन तास खुर्ची ओढून बसायचात त्यांच्यापुढं. माझ्यापुढं जेवणापुरते."

माफी मागून झाली होती, ती पुन्हा मागण्यात अर्थ नव्हता. टाकीचं सांगावं, तर ते तिला नको असणार. तिच्या रीतीतलं आता काही जाणून घ्यायचं उरलं नव्हतं. तिच्याकडून त्यांना काहीच नको होतं. त्यांनी विचारलं, "तिकडं जेवायला काय देतात गं?"



"मासे," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ मासे. मी खात नाही म्हटलं, तर परवा स्वयंपाकाच्या बाईनं ताटातला मासा उचलला आणि म्हणाली, आता खा, आता नुसती आमटीच आहे."

मल्लिनाथांना हसू फुटलं. "मग? तू काय केलंस?"

आणि ती सांगायला लागली.